सरपंचांना गायब करण्याचा खेळ

पिराजीनं पोटासाठी काय काय केलं नाही म्हणून विचारा. लग्नात सनई फुंकली, तिथं बुंदीवरच जास्त डोळा म्हणून हाकलला. चहाच्या हॉटेलात कपबश्या विसळल्या, गावोगाव दवंडी पिटली, तमाशात नाच्या झाला आणि शेवटी एका म्हाताऱ्या जादूगाराची पेटी वाहता वाहता स्वतःच जादूगार झाला.

जत्रेत त्यानं खेळ लावला, तर सरपंच दौलतराव भर माणसांत मंचावर चढले.

"का रं पिराजी, एका धंद्याला टिकला न्हाईस, आन् आता जादू व्हय? मला गायब करून दाखव. न्हाई जमलं तर पेटी हितंच ठेवून चालता हो."

पेटी गेली तर पिराजीची चूलच बंद. तरी गडी हसून म्हणाला, "करतो की. डोळं मिटा आन् एक ते धा मोजा."

सरपंचांनी डोळे मिटले. पिराजीनं दवंडीवाल्या आवाजात हाळी दिली, "ऐका बायांनो, तीन महिनं नळाला पाणी न्हाई म्हणून ज्यांना हुडकताय, ते सरपंच हितं उभं हायेत. काय इचारायचं ते वर येऊन इचारा."

बाया पदर खोचून उठल्याच. सरपंचांनी एक डोळा उघडला, धोतर सावरलं आणि मंचामागं उडी टाकून उसात दिसेनासे झाले.

माणसं हसून लोळायला लागली. एका म्हातारीनं विचारलं, "आता यांना परत कसं आणायचं रं?"

"त्याला जादू लागत न्हाई, मावशी," पिराजी पेटी झाकत म्हणाला. "इलेक्शन लागलं की आपसूक दारात हात जोडून उभं ऱ्हातील."