शिंपल्यांच्या बरण्या

“पण कुणी हात न लावता बरणी फुटतेच कशी, दाजी?”

शाल्मली एक बरणी घेऊन पुण्याहून थेट आली होती. चपला काढायच्या आत तिने हे विचारलं.

दाजी कुंभार पान लावायला बसले होते. ऐंशीच्या घरातले, समुद्राकाठच्या या वाडीत सगळा जन्म चाकावर काढलेले. चाकावर माती कशी धरायची, हे शाल्मली त्यांच्याकडेच शिकली होती. पुढे शहरात तिचं नाव झालं. आणि नाव झालं की माणूस विचारायचं विसरतो, तसं तिचंही झालं.

दाजींनी बरणी न्याहाळली. निळसर, अंगावर ओहोटीच्या वाळूसारख्या रेघा. देखणी होती, यात वाद नाही.

‘टिक्.’

बरणीच्या पोटावरून मातीची बारीक खपली आपोआप उडाली. मागे खळगा राहिला आणि खळग्यात एक पांढरा ठिपका.

अशा चाळीस बरण्या होत्या, आणि तिचं पहिलं मोठं प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं. भट्टीतून निघाल्या तेव्हा एकीलाही खोट नव्हती. आता मात्र फळीवर बसल्या जागी फुटत होत्या.

“मातयेत काय घातलंस, बाय?”

इथे तिची मान ताठ झाली. समुद्राची चित्रं सगळेच काढतात, ती म्हणाली. तिने खरा समुद्रच मातीत घातला होता. महिनाभर किनाऱ्यावर हिंडून शिंपले वेचले, कुटले, मातीत मळले. हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

“माका पण नाय सुचलां,” दाजी म्हणाले.

मग त्यांनी बरणी मांडीवर घेतली. नखाने तो पांढरा ठिपका खरवडला, विड्याच्या पानाला पुसला, वर सुपारी ठेवली आणि पान तोंडात टाकलं.

शाल्मली बघतच राहिली. शिंपले भाजून चुना करतात, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. तिलाही ठाऊक होतं. भट्टी लावताना तेवढंच आठवलं नव्हतं.

उरलेलं दाजींनी मोजक्या शब्दांत सांगितलं. मातीतला चुना हवेतली ओल पितो, फुगतो आणि माती फोडून बाहेर येतो. त्याला आवरेल असा लेप त्यांच्याकडे नव्हता.



शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या महिन्याभराचं तिला फार वाईट वाटलं.

“प्रदर्शन रद्द करा म्हणून कळवते,” ती म्हणाली. “समुद्र कुठला, दाजी? नुसता चुना आहे यात.”

‘टिक्.’

दोघांनीही बरणीकडे पाहिलं.

दाजींनी पान गालात सारलं.

“मगे आता बरणीतून बोललो तो कोण?”