दादासाहेबांची दाढ

सकाळपासून उभं राहून डॉ. वासंती कुलथे यांचे पाय भरून आले होते, जेवणाचा डबा तसाच पडला होता आणि समोर खुर्चीत दूधसंघाचे चेअरमन दादासाहेब नलगे बसले होते. सुपारी फोडताना त्यांची वरची दाढ थेट हिरडीपर्यंत मोडली होती. चिमट्यात धरायला काही उरलंच नव्हतं.

"मुळं कापून वेगळी करते, मग एकेक काढते," डॉक्टर म्हणाल्या.

"तुकडे करतो तो डॉक्टर कच्चा. एका हिसड्यात अख्खी काढा. दवाखाना संघाच्या गाळ्यात आहे, विसरू नका."

दारातले कार्यकर्ते हसले. डॉक्टरांनी थकल्या हातांनी मोजे चढवले.

"दादासाहेब, संघातले तिघे गुंजाळ बंधू तुमच्याविरुद्ध एक झाले होते. त्यांना का नाही एका हिसड्यात उपटलंत?"

"तिघं एकत्र असताना? अहो, सगळा संघच मोडला असता. आधी त्यांच्यात फूट पाडली, मग एकेकाला बाहेर काढलं," दादासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले.

"या दाढेलाही तीन मुळं आहेत," डॉक्टर म्हणाल्या, "आणि इथे संघाच्या जागी तुमचा जबडा आहे."

दादासाहेबांनी मुकाट्याने आ केला.