सायोबाईचं पन्नास दिवसांचं सुतक

एकदा काय झालं, दूर जपान देशातल्या एका बेटावर सायोबाई अंगणात मुळे वाळत घालत होती. रोजच्यासारखाच दिवस. तेवढ्यात शेजारचा नावाडी आला आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "काकू, इसाकूची होडी रिकामीच आली."

इसाकू तिचा एकुलता एक लेक. त्या पहाटे त्यानं बरोबर न्यायला भात मागितला होता. "घोडा झालास, आता तरी हातानं करून घे," असं ती फणकारली. तो तसाच उपाशी गेला. आता तिला एकच ध्यास. त्याला सांगायचं, बाळा, माझं चुकलं.

टेकडीवर एक फार जुनं देऊळ होतं. तिथं घंटा वाजवायची, दोन टाळ्या वाजवायच्या, मग देव निरोप पोचवायचा. अगदी समुद्रात गेलेल्यालासुद्धा. पण वाटेवर लाल कमान होती, बरं का. घरात कुणी गेलं की पन्नास दिवस त्या कमानीखालून जायचं नाही. आपलं सुतक दहा दिवसांचं, त्यांचं पन्नास.

सातव्या दिवशी सायोबाई गेलीच. कमानीपाशी दगडाचा कोल्हा बसलेला, गळ्यात लाल फडकं. तो म्हणाला, "सुतक फिटलं का गं?"

"नाही."

"मग जा माघारी. दगडाचा असलो तरी आंधळा नाही मी."

मग एकविसाव्या दिवशी ती मागच्या रानवाटेनं चढली. तर तिथंही कोल्हा. "या वाटेनं चोर येतात. तू कशाला आलीस?" ती खाली उतरली.

मग एकोणपन्नासावा दिवस उजाडला. कोल्ह्यालाच दया आली. "मला कुठलं सुतक? निरोप सांग, मी आत पोचवतो. उद्यावर टाकू नकोस."

सायोबाईनं तोंड उघडलं. पण लेकाची माफी कोल्ह्यापाशी कशी मागायची? "राहू दे," ती म्हणाली, "उद्या माझी मीच जाईन."

पन्नासाव्या दिवशी सुतक फिटलं. ती न्हाली, कमानीखालून गेली. हात धुतले, चूळ भरली, घंटा वाजवली, दोन टाळ्या वाजवल्या. आतून आवाज आला, "सायो, सुतक फिटलं की गेलेला माणूस घरचा देव होतो. आज सकाळी तुझा लेक तुझ्या घरचा देव झाला. काय हवं ते माग, तो देईल. पण लेकाशी बोलावं तसं आता त्याच्याशी बोलता यायचं नाही."

मग तिनं मागितलं, बेटावरची एकही होडी रिकामी येऊ नये.

आणि खरंच, पुन्हा कधी आली नाही. सगळे पोटभर जेवले, सुखानं नांदले. मिटा आता डोळे.

सायोबाईचं सांगायचं ते राहूनच गेलं.