येसूची चाल

एकदा काय झालं, डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. गावात पाणी एकाच ठिकाणी, बारवेत. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी मोठी विहीर, बरं का. आणि ही इतकी खोल, की वरून दगड टाकला तर आवाज यायच्या आत माणूस कंटाळून घरी जाई.

त्या गावात येसू नावाची मुलगी होती. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा जरा आखूड. एक पाऊल पुरं पडायचं, दुसरं अडखळायचं. बाकीच्या बायका गाणं म्हणत, ताल धरत पायऱ्या उतरायच्या. येसू त्यांच्यात म्हणायला गेली की तिचं पाऊल मागे राहायचं आणि शब्द पुढे निघून जायचे. बायका म्हणायच्या, "येसे, गाणं खाली पोचलं गं, तू कधी पोचणार?"

मग येसूने ठरवलं, आपलं गाणं आपण करू.

रोज उतरताना ती काहीतरी गुणगुणायची. निम्मं वाईट असायचं, ते टाकून द्यायची. काल गोड वाटलेलं आज फिकं लागायचं, तेही टाकायची. घागरीतलं पाणी डचमळायचं, त्यातला एखादा आवाज उचलायची. पाऊल अडखळायचं तिथे सुरालाही अडखळू द्यायची, आणि मग हळूच पुढे न्यायची. असा अख्खा उन्हाळा गेला. कुणाला पत्ता नाही. आणि एके सकाळी गाणं झालं.

निम्मी वाट माझी, निम्मी वाट तुझी,
ये गं पाणूबाई, घागर रिती माझी.

एवढंच. पण तिने ते म्हटलं आणि खाली पाण्यावर सुरकुती उमटली. मग पाणी उठलं. एक पायरी चढलं, अडखळलं, दुसरी चढलं. अगदी येसूसारखं. निम्म्या बारवेपर्यंत आलं आणि तिच्या घागरीत शिरलं.

मग काय विचारता. गावातल्या बायकांचा निम्मा जिना वाचला. कुणी हसेना. उलट सकाळ झाली की हाका, "येसूताई, चल गं बाई, पाणी खोळंबलंय."

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा मनाने चांगला होता. तो मुद्दाम बघायला आला. येसू गात गात उतरली, पाणी वर आलं, राजाचे डोळे भरून आले. परत जाताना तो म्हणाला, "गुणी पोर आहे. फक्त हिची चाल तेवढी सुधारा."

आता चाल म्हणजे पायाची की गाण्याची, हे राजाने सांगितलं नाही. आणि विचारायचं कुणी? मोठ्या माणसांना विचारायची सवय नसते, सुधारायची असते.

मग पहिल्यांदा आले राजगवई. त्यांनी मांडीवर ताल धरला, डोळे मिटले आणि तोंड वाकडं केलं. "बाळ, मधेच अडखळतेस ती खोट आहे. मात्रा सारख्या हव्यात." त्यांनी अडखळ काढली आणि तिथे तान बसवली. येसूच्या जिभेवर 'नको' आलं होतं. पण आई म्हणाली, "ऐक गं, एवढे मोठे बुवा आपल्या दारात आलेत." येसू म्हणाली, "बरं."

मग आले राजकवी. म्हणाले, "पाणूबाई? असा शब्दच नाही. आणि निम्मी वाट माझी, निम्मी तुझी, ही काय भाजीची घासाघीस आहे?" त्यांनी लिहिलं, 'हे जलदेवते, महाराजांच्या पुण्याईने प्रकट हो.' येसूच्या जिभेवर पुन्हा 'नको' आलं. आई म्हणाली, "तुझ्या चांगल्यासाठीच सांगतात ना?" येसू म्हणाली, "बरं."

मग आले राजवैद्य. त्यांनी पाय मोजला आणि डाव्या पायासाठी जाड तळाची चंदनी खडाव करून आणली. ती घातली आणि येसू सरळ चालायला लागली. आईला रडूच फुटलं. आता आई अशी आनंदाने रडत असताना नको कसं म्हणायचं? येसूने ते गिळलं.

मग मोठा सोहळा झाला. बारवेला तोरणं, काठावर राजा, सगळं गाव. येसू टाक टाक करत सरळ उतरली आणि सगळं गाणं न चुकता गायली. दरबारी लोक माना डोलवत होते.

पाणी हललं नाही.

राजगवई म्हणाले, "पाण्याला गाण्यातलं कळत नाही, महाराज."

येसूने खडाव काढून फेकली. अनवाणी तशीच खाली धावली. "निम्मी वाट माझी," तिने सुरू केलं. खाली सुरकुती उमटली. पाणी एक पायरी चढलं आणि थांबलं. पुढचं ऐकायला थांबलं होतं ते, बरं का. पण जिथे अडखळायचं तिथे येसूच्या गळ्यात आपोआप तान आली. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा तान. तिसऱ्यांदा तिने तोंडावर हात ठेवला आणि मनातल्या मनात शोधलं. तिथेही बुवांचाच ताल चालू होता.

पाण्याने बराच वेळ वाट पाहिली. मग ते एक पायरी खाली उतरलं आणि गप्प झालं.

काठावरून आई म्हणाली, "जाऊ दे गं, दुसरं करशील."

येसूने दुसरं केलं. पुष्कळ गाणी केली, दरबारात गायली, लोकांना आवडलीही. पण बारवेत उतरली की ती त्या एका जागी थांबायची. अडखळ तिथेच कुठेतरी असायची आणि हाताला लागायची नाही. तर पोरांनो, 'नको' केवढासा शब्द. ती मोठेपणी तो फार छान म्हणायला शिकली. पण तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं.

राजाने बारवेवर रहाट बसवला, बैल जुंपले. सगळ्यांना काठावरच पाणी मिळालं, सगळे सुखात राहिले. येसूही सुखात राहिली, असं सगळे सांगतात.

चला, आता पांघरुणं घ्या आणि डोळे मिटा. झोपेत काही गुणगुणावंसं वाटलं तर खुशाल गुणगुणा. फक्त सकाळी उठून लगेच मला ऐकवू नका. मीही मोठीच आहे, मला राहवणार नाही. ते तुमच्याच पायांनी चार दिवस चालू दे, आणि मग ऐकवा. झोपा.