हात पुढे करा

“मग मी करायचं तरी काय होतं, सिस्टर? त्यांना मरू द्यायचं होतं?”

केतकीने विचारलं तेव्हा मार्था सिस्टर डायलिसिसच्या मशीनला नळ्या जोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तालुक्याच्या गावातला तो लहानसा विभाग. सहा खाटा, सहा मशीन. मार्था सिस्टरांना तिथे सतरा वर्षं झाली होती. केतकी त्यांच्याच हाताखाली शिकली. आपला पेशंट डायलिसिसची एकही वेळ चुकवत नाही, याचा तिला अभिमान होता. कोणी आलं नाही तर ती फोन करी, रागावे, रिक्षा करून घरी जाई आणि घेऊन येई.

बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे यशवंत पांचाळ तिचेच पेशंट. पाच वर्षं, आठवड्यातून तीनदा. गेल्या महिन्यात त्यांनी येणं थांबवलं. केतकी दारात जाऊन भांडली. त्यांनी फक्त हात जोडले.

बाराव्या दिवशी ते गेले.

“काल मी पांचाळकाकूंना भेटायला गेले होते,” केतकी म्हणाली.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, त्यांना गेल्या गणपतीनंतरच थांबायचं होतं. सगळं अंग दुखायचं. पण म्हणायचे, केतकीला वाईट वाटेल. ती एवढं करते. अजून थोडे दिवस जातो…”

सिस्टरांचे हात थांबले.

“सहा महिने, सिस्टर. सहा महिने ते माझ्यासाठी येत होते.”

“तुला कधी बोलले नव्हते?”



“बोलले होते. एकदा सुई लावताना म्हणाले, पोरी, आता पुरे झालं गं.”

“मग?”

“मी म्हटलं, गप्प बसा आणि हात पुढे करा.”

“…आणि?”

“हसले. हात पुढे केला.”

खिडकीशी एक म्हातारा पेशंट झोपेत कण्हला. सिस्टर जाऊन त्याचं पांघरूण नीट करून आल्या.

“शेवटी त्यांनी पाणी मागितलं म्हणे,” केतकी म्हणाली. “किडनी बंद, म्हणून पाच वर्षं मी त्यांना मोजूनच पाणी पिऊ दिलं. काकूंनी तांब्या भरून दिला. पोटभर प्यायले. म्हणाले, किती गोड लागतंय.”



सिस्टरांनी एक स्टूल ओढलं आणि तिला बसवलं. स्वतः उभ्याच राहिल्या.

“सिस्टर, खरं सांगा. मी त्यांना जगवलं की छळलं?”

“हो, दोन्ही,” सिस्टर म्हणाल्या.

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर ना राग होता, ना दया. फक्त फार थकवा होता.

“तुमच्याही हातून असं झालंय?”

सिस्टर ट्रेकडे वळल्या. ट्रेमधला कापूस उचलला, परत ठेवला.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. मांडीवर फाईल, ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आज तिची पहिली वेळ होती. नवरा शेजारी होता, पण दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

“तिला आत घे,” सिस्टर म्हणाल्या.

“मी नको. आज दुसऱ्या कुणाला सांगा.”

“का?”

“ती विचारेल, किती दिवस यायचं. सगळे तेच विचारतात.”

“आजवर काय सांगत होतीस?”

“सांगायचे, मी आहे ना, घाबरू नका.”

“मग?”

“आज नाही सांगता येणार. मलाच भीती वाटतेय, सिस्टर.”

सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

“मग आता जा तिच्याकडे. आज तू तिचं ऐकशील.”