कणगीतलं लपण

“दादा त्या पहाटे मला न उठवता एकटाच का गेला?”

रानाच्या कडेला वसलेल्या एका गावात फागू नावाचा तरणा पोरगा राहत होता. हा प्रश्न त्याने गावात दिसेल त्याला विचारला. कोणी पागोटं सारखं केलं, कोणी आभाळाकडे बोट दाखवलं, कोणी म्हणालं, “जेवलास का रे?”

झालं होतं ते असं. फागूचा थोरला भाऊ देवाजी पहाटे रताळ्याच्या शेतात रानडुक्कर हाकलायला गेला. ते डुक्कर साधं नव्हतं. अंगाने रेडकाएवढं, एक सुळा मोडलेला, दुसरा कोयत्यासारखा. लोक त्याला एकसुळ्या म्हणत. उजाडल्यावर गुराख्यांना देवाजी बांधावर पडलेला दिसला, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. फागूचे आईबाप तो लहान असतानाच गेले होते. दादाच त्याचा बाप होता आणि गिरजा वहिनी त्याची आई. आता घरात वहिनी, तिची तान्ही पोर आणि फागू एवढीच माणसं उरली.

फागू गुरुजींकडे बाराखडीच्या पुढे कधी गेला नव्हता. त्याचे पाय आधी पळत आणि डोकं मागून चालत येई. तेराव्याची पानं उचलायच्या आतच तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “एकसुळ्याला मीच मारणार. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

वहिनी म्हणाली, “भाऊजी, आधी एकदा रडून तरी घ्या.”

“रडायला वेळ कुठे आहे, वहिनी?” असं म्हणून तो बाहेर पडलासुद्धा.

डुकराचं नाक तिखट आणि कान त्याहून तिखट. उघड्यावर उभं राहून त्याला मारता येत नाही. त्यासाठी लपण लागतं. लपण म्हणजे शिकाऱ्याने दडून बसायची जागा. फागू धावतच सुताराकडे गेला.

“काका, लपणाला फळ्या द्या.”

“देतो की. दाम काय देशील?”

फागूने कंबरेची पिशवी उलटी केली. तिच्यातून सुपारीचं खांड पडलं.

“हे घेऊन फळ्या नाही मिळत रे बाबा,” सुतार हसला. “फार तर भुसा मिळेल.”

फागूच्या कानशिलांना आग लागली. पण परत येताना त्याला परसात एक कणगी दिसली आणि तो जागच्या जागी थबकला. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी उभी टोपली. हिचा तळ उंदरांनी कुरतडला होता, म्हणून ती कोपऱ्यात पालथी पडली होती. छातीइतकी उंच, आत एक माणूस मांडी घालून ऐसपैस बसेल अशी. फागू तिच्याखाली शिरला, आत बसला आणि आनंदाने ओरडला, “अरे, हे तर तयार घरच आहे!”

वहिनीने आतून विचारलं, “कोण ओरडतंय?”

“कोणी नाही!” कणगी म्हणाली.

मग फागूला काही सुचेनासं झालं, इतकं सगळं एकदम सुचू लागलं. कुरतडलेल्या तळाचं आता छप्पर झालं होतं. त्यावर त्याने फाटकी गोणपाटं टाकली. मोडक्या बाजेची सुंभं उसवून त्या दोऱ्यांनी ती घट्ट बांधली. तुरीचं शेत निघालेलं होतं, तिथून तुराट्यांचा भारा आणला आणि कणगीभोवती उभ्या खोचल्या. विळ्याने समोर रानाच्या बाजूला एक आडवं भोक पाडलं. आखूड कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, आडवा धरला की बाण त्या भोकातून नेमका निघे. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच शाबासकी दिली.

राहिला वास. बांबूला माणसाच्या घराचा वास येतोच. तेव्हा फागू ओढ्याकाठी गेला. तिथे एकसुळ्या चिखलात लोळत असे. फागूने त्याच चिखलाच्या पाट्या भरभरून आणल्या आणि कणगी आतून बाहेरून लिंपून काढली. आता डुकराला वास आला असता तो त्याचा स्वतःचाच. फागू स्वतःही चिखलाने इतका माखला की गावातली कुत्री त्याच्यावर भुंकली. एक दमडी न खर्चता राजाच्या शिकारखान्यात शोभेल असं लपण झालं होतं!

त्या गावची एक जुनी रीत होती. लपण बांधायचं ते चार घरांनी मिळून आणि गावाला सांगून. जो आत बसेल त्याने आपल्या वहाणा शेताच्या वाटेवरच्या मोहाच्या झाडाला टांगायच्या. वहाणा दिसल्या की त्या दिवशी कोणी त्या वाटेला जात नसे. मोह मोकळा दिसला की बायाबापड्या निर्धास्त जात.

गावातला जुना शिकारी सोनबा आजा याने चिखलाने माखलेल्या फागूला पाहिलं आणि ओळखायचं ते ओळखलं.

“काय गा फागू, लपण बांधतोस?”

“नाही.”

“मग डुकरिणीसारखा व्यायला बसलास का अंगाला चिखल फासून?”

फागूला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. आजा म्हणाला, “हे बघ पोरा, कुठे बांधतोस ते सांगून ठेव. बसशील तेव्हा वहाणा टांग.”

“आणि जागा कळली की कोणी दुसराच माझ्या आधी तिथे बसला तर? एकसुळ्या माझा आहे, आजा. दादा माझा होता.”

“देवाजी गावाचा नव्हता होय?”

फागू तरातरा निघून गेला. अंधार पडल्यावर त्याने कणगी डोक्यावर घेतली आणि रताळ्याच्या शेतात, गावाकडच्या बांधाला लावून ठेवली. तोंड रानाकडे आणि पाठ गावाकडे. पहाटेचा वारा रानाकडून येई, म्हणजे तेही जमलं. दुसऱ्या दिवशी बांधावरून दोन गुराखी गप्पा मारत गेले आणि त्यांना कणगी दिसली नाही. फागू आतल्या आत नाचला. इतकं बेमालूम लपण गावात कधी कोणी बांधलं नव्हतं!

तेव्हापासून तो रोज पहाटे आत जाऊन बसू लागला. वहाणा मोहाला टांगायच्या सोडून तो त्यांच्यावरच बसे. कुठे जातो ते त्याने वहिनीलाही सांगितलं नाही.

आणि एका सकाळी, धुकं अजून जमिनीवर रेंगाळत असताना, त्याच्या भोकासमोर काहीतरी हललं.

काळं, वाकलेलं, पाठीवर मोठा उंचवटा असलेलं. ते रताळ्यांचा वेल उपसत होतं. आला! फागूने कामठा आडवा केला, दोरी कानापर्यंत ओढली, नेम धरला. बाण सुटणार इतक्यात तो उंचवटा खोकला.

खोकला बारीक होता. तान्ह्या पोराचा.

फागूची दोरी हळूहळू सैल पडली. ती गिरजा वहिनी होती. अंगावर देवाजीची काळी घोंगडी आणि पाठीला बांधलेली पोर. घरात शिजवायला काही उरलं नव्हतं. मोहाला वहाणा नाहीत असं पाहून ती निर्धास्त रताळी खणायला आली होती. कणगीला मागून भोक नव्हतं, त्यामुळे ती अगदी कुडाला खेटून गेली तरी फागूला कळलं नव्हतं.

आता हाक मारायची की गप्प बसायचं? हाक मारली तर लपण उघडं पडणार आणि एकसुळ्या पुन्हा इथे फिरकायचा नाही. वहिनी जाईलच थोड्या वेळात, असं म्हणून तो गप्प बसला. आणि तिथेच चुकला.

कारण समोरच्या झाडीतून एकसुळ्या बाहेर आला.

तो नाक वर करून थांबला. धुकं, ओली माती, आपल्याच चिखलाचा वास. त्याला शंका आली नाही. तो डुलत डुलत शेतात उतरला आणि फागूच्या भोकासमोर आडवा उभा राहिला. जाड मान, खांद्यामागची मऊ जागा, सगळं उघडं. फागूने स्वप्नात पाहिलं होतं अगदी तसंच! बाण मारायचा तर हीच घडी.

पण डुकराच्या पलीकडे, बाणाच्या रेषेतच, वहिनी पाठमोरी वाकली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. नेम चुकला तर बाण तिच्याकडे जाणार. नेम बसला तरी रानडुक्कर एका बाणाने पडत नाही. जखमी झालं की ते समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतं, आणि समोर वहिनी होती.

फागूची बोटं दोरीला चिकटली होती. ‘मार!’ त्याच्या छातीतलं काहीतरी ओरडत होतं. ‘पुन्हा नाही मिळायचा!’

त्याने कामठा टाकला आणि ताडकन उभा राहिला. तो उभा राहिला तशी कणगीही त्याच्या खांद्यांवर उभी राहिली. तुराट्या, गोणपाटं, सुंभं लोंबत असलेली ती कणगी दोन पायांवर शेतातून धावत सुटली आणि जिवाच्या आकांताने ओरडू लागली, “वहिनी, पळा! बांधावर चढा! पळा, वहिनी!”

एकसुळ्याने जन्मात असलं जनावर पाहिलं नव्हतं. अंगाला आपलाच वास, पाय माणसाचे आणि आवाज आभाळ फाटल्यासारखा! तो गर्रकन वळला आणि सरळ कणगीवर धावून आला. धडक बसली. कणगी फागूसकट कोलांट्या खात उताराला लागली. सुळा बांबूत अडकला, डुकराने हिसडा दिला, आणि कणगीचा भला मोठा तुकडा सुळ्यावर मिरवत एकसुळ्या रानात पसार झाला.

वहिनी बांधावर पोहोचली होती. तिथून तिने उतारावर मोडक्या कणगीतून बाहेर आलेले दोन चिखलाचे पाय पाहिले आणि धावत येऊन ते धरून ओढले. बाहेर फागू निघाला. पोटरी फाटली होती, पण जिवंत होता.

“भाऊजी! तुम्ही होता आत? आणि मला सांगितलं नाही?”

“वहिनी, मी आधी तुमच्यावर नेम धरला होता,” फागू म्हणाला. “आणि तुम्हीच आहात हे कळल्यावरही गप्प बसलो.”

वहिनीने पदर फाडून त्याची पोटरी बांधली.

“त्या पहाटे त्यांनी मलाही उठवलं नव्हतं,” ती म्हणाली. “का, ते मलाही ठाऊक नाही. मीही रोज विचारते. फक्त मोठ्याने विचारत नाही.”

तेव्हा कुठे फागू रडला. रताळ्याच्या वेलात बसून, सूर लावून, लहान पोरासारखा रडला. वहिनीही रडली. दोघांचं पाहून पाठीवरच्या पोरीने असा टाहो फोडला की त्यांना गप्प बसून तिलाच खेळवावं लागलं.

ही हकीकत दुपारपर्यंत गावभर झाली. “कणगी कुठे पळाली रे?” असं पोरं फागूला विचारू लागली. फागूने चिडायचं सोडून दिलं. तो सोनबा आजाकडे गेला आणि पाय धरून म्हणाला, “आजा, एकट्याने नाही होत.”

“पोटरीने शिकवलं म्हण की,” आजा म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

मग काय विचारता! बुरडाने कणगीला नवा बांबू विणून दिला. तेल्याने गोणपाटं दिली. सुताराने फळ्या आणल्या आणि दामाचं नावही काढलं नाही. ज्याच्या घरी काही नव्हतं तो सल्ले घेऊन आला, आणि तेच सर्वांत जास्त होते. लपण शेतात उभं राहिलं, मोहाला वहाणा लटकल्या, आणि ठरल्या दिवशी ढोल, ताशे, पितळ्या वाजवत गावाने हाका काढला, म्हणजे रान उठवून डुक्कर लपणाकडे हुसकावलं. एकसुळ्या लपणासमोर आला आणि लपणातून, झाडांवरून सुटलेल्या बाणांनी पडला. अंगात बाण बरेच निघाले. शेवटचा कोणाचा, यावरून गावात अजून भांडण आहे. फागू त्या भांडणात कधी पडला नाही. दादा परत येणार नव्हता. पण त्या वर्षीची रताळी घरात आली.

रानात डुकरं आणखी होतीच, म्हणून दुसऱ्या दिवशीपासून लपणात बसायची पाळी दुसऱ्या घराची होती. त्या घरची माणसं यायच्या आत फागू विळा घेऊन शेतात गेला आणि कणगीच्या मागच्या, गावाकडच्या अंगाला मोठी खिडकी पाडू लागला. सोनबा आजा बांधावरून ओरडला, “खुळा का तू? मागून उजेड आत आला तर जनावराला तुमची सावली दिसेल. हाताशी आलेली शिकार जाईल!”

“जाऊ दे, आजा,” फागू म्हणाला. “आत बसणाऱ्याला घराकडून कोण येतंय ते दिसायला हवं.”

आणि त्याने विळा आरपार ओढला.

तात्पर्य: वैऱ्यापासून खुशाल लपावं, पण दुःखात आपल्या माणसांपासून लपू नये. ज्याला आपली माणसं दिसेनाशी होतात, त्याचा बाण सर्वांत आधी त्यांच्यावरच रोखला जातो.