उंबरठ्याचा गूळ

तुमच्याआमच्या खापरपणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एक राज्य होतं. तिथे एक रीत होती. कुणी नवं घर बांधलं, की उंबरठा बसवायच्या दिवशी राजाकडे गुळाचा खडा पाठवायचा. राजा तो तोंडात टाकून म्हणायचा, "चला, आणखी एक चूल पेटली!"

पण गरिबांची घरं काही होईनात. म्हणून राजाने घरासाठी कर्ज देणारी पेढी काढली. पेढीला कर माफ. पेढीला पैसे देऊन तिचे रोखे घेणाऱ्यांना मिळणाऱ्या व्याजावरही कर माफ. हिशेब साधा होता: कर नाही म्हणून व्यापारी कमी व्याजावर पैसे देतील, आणि पेढी तेच पैसे गरिबाला स्वस्तात देईल. रोख्यांवर व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. करमाफी कोण सोडतं हो?

तीन वर्षं गेली. कर कमी आला, म्हणून गावतळ्याचा गाळ काढायचा राहून गेला.

एके दिवशी टोपल्या विणणारी येसू बुरडीण दरबारात आली. म्हणाली, "महाराज, सून पोटुशी आहे. आम्ही तट्ट्याच्या पालात राहतो. तुमची पेढी सावकाराइतकंच व्याज मागते. मग माफी मिळाली कुणाला?"

पेढीप्रमुख नारोपंत हसला. "महाराज, पेढी जोरात आहे! दुमजली इमारत झाली, दारी हत्ती झुलतोय."

"हत्ती राहू द्या. यंदा गूळ किती आला?" राजाने विचारलं.

कोठीवाल्याने डबा उघडला. आत तीन खडे. एक नारोपंताच्या नव्या माडीचा, दोन त्याच्या मेहुण्यांच्या.

राजा भडकला. "अरे, रयत गढूळ पाणी प्याली, ती तुमच्या माड्यांसाठी? माफी पेढीला नव्हती, उंबरठ्याला होती! आता बेघराला स्वस्त कर्ज मिळेल, तरच पेढीला माफी आणि रोख्यांनाही. मागचा कर आधी भर."

हत्ती विकला गेला. तळ्याचा गाळ निघाला. आणि व्यापारीच नारोपंताला रोज विचारू लागले, "काय पंत, उंबरठे किती बसले?"

येसूला अर्ध्या व्याजावर कर्ज मिळालं. नातू जन्मला तो स्वतःच्या छपराखाली. तिचा गूळ आला, तेव्हा राजाने अर्धा खडा खाल्ला आणि अर्धा नारोपंताच्या हातावर ठेवला.

"चाखून बघा, पंत. यासाठी पेढी काढली होती."

बोध: ज्याच्या नावाने सवलत घेतली, त्याच्या दारापर्यंत ती पोचली नाही, तर ती सवलत नव्हे, लूट.